‘दिग्दर्शनही केले’ यातल्या ‘ही’बद्दल : आपल्या फिल्म सोसायटीच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारिणीतले सर्वजण,

सप्रेम नमस्कार.

परवा सोसायटीची सूचना व्हॉट्सॲपवर आली. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या शनिवार-रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये ‘आपला अमोल’ महोत्सव. चित्रपट चार : ‘रजनीगंधा’, ‘छोटी सी बात’, ‘चितचोर’, ‘गोलमाल’. मध्ये चहा. खाली अमोल पालेकरांचा पाच ओळींचा परिचय आणि त्यातली शेवटची ओळ अशी : ‘पुढे त्यांनी काही चित्रपटांचे दिग्दर्शनही केले.’

हे पत्र त्या ‘ही’वरून आहे. खुलं अशासाठी, की आपल्या गटावर फक्त ॲडमिनना लिहिता येतं.

आधी क्रम नीट लावू. परिचय वाचून वाटतं, एक गुणी नट होता, वय झालं, नायकाची कामं कमी झाली, मग तो दिग्दर्शनाकडे वळला. प्रत्यक्षात उलट आहे. पालेकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार. तिथून सत्यदेव दुबेंच्या तालमीत नाटक. पोटापाण्यासाठी बँक ऑफ इंडियात कारकुनी. १९७२ मध्ये ‘अनिकेत’ ही स्वतःची नाट्यसंस्था काढली, नाटकं बसवली, महेश एलकुंचवारांच्या ‘वासनाकांड’साठी नाटकांच्या सेन्सॉरशी भांडण काढलं. १९७४ साली ‘रजनीगंधा’ आला तेव्हा हा माणूस प्रायोगिक रंगभूमीवर दिग्दर्शक म्हणून ओळखला जात होता. स्वतःबद्दल ते नेहमी सांगतात की मी शिक्षणाने चित्रकार, अपघाताने नट, नाइलाजाने निर्माता आणि आवडीने दिग्दर्शक. म्हणजे ज्याला आपण कारकीर्द म्हणतो तो त्यांच्या लेखी अपघात, आणि ज्याला त्यांनी आवड म्हटलं त्याला आपण शेवटच्या ओळीत ‘ही’ लावून बसवलं.

आता माझी बाजूही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईंना ‘गोलमाल’ आवडत नाही. मला तो तोंडपाठ आहे. १९७८ मध्ये मी इथल्याच एका बँकेत लागले. वेगळी बँक, पण पालेकर ‘आपल्यातले’ असं आम्ही सगळे छातीठोकपणे सांगायचो. नोटांच्या बंडलांना टाचण्या मारणारा, दुपारी डबा खाणारा, बसच्या रांगेत उभा राहणारा माणूस पडद्यावर हिरो झाला होता. ‘गोलमाल’ लागला त्या आठवड्यात आमच्या कॅशियरने मिशी काढली. शाखाधिकाऱ्यांना दंडवत घालून म्हणाला, “साहेब, मी लक्ष्मणप्रसाद. रामप्रसाद रजेवर आहे.” साहेब ‘गोलमाल’मधल्या मिशीवेड्या साहेबासारखे, उत्पल दत्तसारखेच होते. मेमो द्यायचा तेवढा बाकी ठेवला.

तर प्रेम होतंच. पण त्या प्रेमात आपण काय बघत होतो ते मला फार उशिरा कळलं. ‘रजनीगंधा’तला संजय आठवून बघा. भला माणूस. भेटीला उशिरा येतो, आला की ऑफिसातलं राजकारण आणि स्वतःची बढती यांवर बोलत सुटतो, हातात फुलं असतात म्हणून दीपा सगळं विसरते. थिएटरात आम्ही मुली ‘किती साधा’ म्हणून हसायचो. पुढे असाच एक संजय मी घरी आणला आणि पस्तीस वर्षं फुलांवाचून त्याची बढती ऐकली. (ते हे पत्र वाचणार आहेत. वाचू देत.) मन्नू भंडारींच्या मूळ कथेत आणि बासू चटर्जींच्या चित्रपटातही गोष्ट दीपाची आहे, तिच्या मनाच्या दोलायमानतेची. आपण मात्र घरी येताना संजयला घेऊन आलो.

पालेकरांना हे तेव्हाच दिसत असावं, असा माझा कयास आहे. कारण ऐन लोकप्रियतेत, १९७७ मध्ये, त्यांनी श्याम बेनेगलांच्या ‘भूमिका’त केशव दळवी केला. बायकोच्या कमाईवर जगणारा, तिच्यावर संशय घेणारा, मऊ आवाजात तिला पिळणारा नवरा. चेहरा तोच, आवाज तोच, खांदे तसेच किंचित पडलेले. भीती त्यामुळेच वाटते. राक्षसी दिसणारा माणूस असता तर स्मिता पाटीलची उषा पहिल्याच रिळात पळून गेली असती.

आणि त्याच वर्षी ‘घरौंदा’. माझी विनंती इथे जरा थांबून वाचा, कारण माझ्या मते पालेकरांचा दिग्दर्शक समजून घ्यायची किल्ली इथे आहे. मुंबईत घर मिळत नाही म्हणून हताश झालेला सुदीप आपल्या प्रेयसीला, छायाला सुचवतो की तू आपल्या साहेबांशी लग्न कर. साहेब श्रीमंत आहेत, हृदयविकाराचे पेशंट आहेत, फार दिवस काढणार नाहीत, मग आपण आहोतच. साहेबांच्या भूमिकेत डॉ. लागू. आता आठ वर्षं पुढे या. १९८५ मध्ये पालेकरांनी दिग्दर्शित केलेला ‘अनकही’, चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘काळाय तस्मै नमः’ नाटकावरचा. इथे डॉ. लागू ज्योतिषी बाप आहेत. त्यांचं भाकीत असं की मुलाची पहिली बायको बाळंतपणात जाणार. मुलगा स्वतः पालेकर. त्याचं प्रेम दुसरीवर आहे. मग उपाय काय, तर आधी एका भोळ्या, गरीब घरातल्या मुलीशी लग्न करायचं. ती मेली की ग्रह टळला.

दोन्ही चित्रपट लागोपाठ बघा. दोन्हींत नट तोच, लागूही तेच. दोन्हींत लग्न म्हणजे कुणाच्या तरी मरणाची वाट बघणं. फरक इतकाच की ‘घरौंदा’त मरणाची वाट एका म्हाताऱ्या श्रीमंताच्या बाबतीत बघायची आहे, म्हणून सुदीपची आपल्याला कीव येते. ‘अनकही’त ती वाट एका निष्पाप पोरीच्या बाबतीत बघायची आहे, आणि बघणारा पुन्हा आपलाच सुशिक्षित, सभ्य, हळू बोलणारा अमोल. त्याने स्वतःच कॅमेऱ्यामागे जाऊन स्वतःलाच तिथे उभं केलं. दुसरा नट घेता आला असता. घेतला नाही. शेवट सांगत नाही, महोत्सवात दाखवाल या आशेवर आहे. भीमसेन जोशींचं ‘रघुवर तुमको मेरी लाज’ याच चित्रपटातलं. त्यांना पार्श्वगायनाचा आणि जयदेव यांना संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार ‘अनकही’साठी मिळाला. भजन आपल्याकडे घराघरात वाजतं, चित्रपट कुणी पाहिलेला नसतो. आपल्या सोसायटीच्या गणपतीतसुद्धा ते लागतं.

दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट मात्र त्याआधीचा, १९८१ चा ‘आक्रीत’. लेखन विजय तेंडुलकरांचं, आधार परभणी जिल्ह्यातल्या मानवतच्या खूनसत्राचा. गुप्तधन मिळावं, मूल व्हावं म्हणून बाया-पोरींचे घेतलेले बळी. विचार करा, ‘गोलमाल’साठी फिल्मफेअर घेऊन माणूस बाहेर पडला आहे, देशभरचे निर्माते दारात आहेत, आणि तो स्वतःच्या हिमतीवर पहिला चित्रपट करतो तो नरबळीवर, मराठीत, आणि त्यात स्वतः काम करतो तेही नायकाचं नाही. आमच्या कॅशियरला ते कळलं तेव्हा तो म्हणाला, “याला वेड लागलं.” अर्ध्या महाराष्ट्राचं तेच मत असणार.

‘ध्यासपर्व’बद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, आणि इथे मी सोसायटीचे आभारही मानते. २००२ च्या सुमाराला तो तुम्हीच दाखवला होता, याच हॉलमध्ये. मी आईला घेऊन आले होते. आई तेव्हा बहात्तरची. र. धों. कर्वे हे नाव तिने ऐकलं नव्हतं. वडलांचं, महर्षी धोंडो केशव कर्व्यांचं ऐकलं होतं, मुलाचं नाही, आणि यात तिचा दोष नाही. विल्सन कॉलेजातला गणिताचा प्राध्यापक, १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढतो, त्यापायी नोकरी जाते, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवतो, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतो, त्यातल्या एका खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्याचे वकील म्हणून उभे राहतात. किशोर कदमचा कर्वे हट्टी आहे, थोडा रुक्षही, बोलायला बसला की समोरच्याला नको होईल असा. पालेकरांनी त्याला पुतळा केला नाही. आणि सीमा बिस्वासची मालती. घरात मूल नसण्याचा निर्णय दोघांचा, पण बायकांच्या नजरा एकट्या मालतीवर. तिचं ते डब्यांची झाकणं लावत, पदर सारखा करत गप्प राहणं मला जास्त लक्षात राहिलं. भाषणं विसरले.

मध्यंतरात आई चहाला उठली नाही. चित्रपट संपल्यावर रिक्षात बसल्यावर म्हणाली, “हा मास्तर कुठे राहायचा म्हणालीस?”

“मुंबईला.”

“कधी?”

मी म्हटलं, मासिक त्यांनी १९५३ मध्ये ते जाईपर्यंत काढलं.

आई बोटांवर काहीतरी मोजत राहिली. तिची सात बाळंतपणं, जगलेली चार. थोरला भाऊ १९४७ चा. मी पाचवी. म्हणजे तिची पहिली काही बाळंतपणं झाली तेव्हा मुंबईत कुणीतरी दर महिन्याला छापून सांगत होतं की बाई, हे टाळता येतं. आमच्या गावापर्यंत तो अंक आला असता तरी तिला वाचता येत नव्हतं, ते वेगळं. रिक्षा घरापाशी आली तेव्हा ती एवढंच म्हणाली, “तू झाली नसतीस मग.” आणि हसली. मला अजून ठरवता आलेलं नाही की ती त्या वेळी कुणाची बाजू घेत होती.

त्या दिवशी हॉल भरलेला नव्हता, हे मला आठवतं. साठ-सत्तर माणसं असतील. पण ‘लोक येत नाहीत’ हा मुद्दा तुम्ही काढाल म्हणून सांगते की ‘चितचोर’ला किती येतील? जे घरी टीव्हीवर दर दोन महिन्यांनी तो बघतात तेच येतील, आणि गाण्यांच्या वेळी मोबाइल बघतील.

दुसरा मुद्दा तुम्ही काढणार नाही, पण तो मनात असेल. ‘वाद नको.’ तेव्हा ‘दायरा’ची आठवण करून देते. १९९६ चा चित्रपट. निर्मल पांडेने बाईच्या वेषात वावरणारा कलावंत केला आहे, सोनाली कुलकर्णीने अत्याचारानंतर पुरुषाच्या वेषात फिरणारी मुलगी. त्या भूमिकेसाठी निर्मल पांडेला फ्रान्समधल्या एका महोत्सवात अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, ही गंमत त्या वेळी सगळ्यांनी छापली होती. आपण तो कॅसेटवर दाखवत होतो. मध्यंतर झालं, दिवे लागले ते लागलेच. पुढच्या रांगेतले दोन ज्येष्ठ सभासद तेव्हाच्या कार्यवाहांशी कोपऱ्यात बोलत होते. मग जाहीर झालं की कॅसेट खराब निघाली. दुसऱ्या दिवशी मी ती घरी नेऊन बघितली. शेवटपर्यंत स्वच्छ होती.

वाद टाळायचा म्हणून पालेकरांचे फक्त हसरे चित्रपट निवडायचे, हे त्यांच्याच बाबतीत जरा विनोदी दिसतं. नाटकाची संहिता आधी तपासून घेण्याच्या सक्तीविरुद्ध हा माणूस सत्तरी ओलांडल्यावर मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईत प्रभाकर बरवे यांच्या चित्रप्रदर्शनात बोलताना, कलादालनाच्या, कलावंत असलेल्या सल्लागार समित्या गुंडाळण्याच्या निर्णयावर त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली तेव्हा त्यांना मध्येमध्ये थांबवलं गेलं. ते बोलत राहिले, आवाज न चढवता. तो व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी मलाच पाठवला होता. आणि त्याच वर्षी पंचाहत्तराव्या वाढदिवशी ‘कुसूर’ नाटकातून ते रंगमंचावर परत आले.

बाकीचे चित्रपट भरभर घेते. ‘बनगरवाडी’ तुम्हाला चालेल, माडगूळकर आहेत, माणदेश आहे, मास्तरांच्या तालमीचं उद्घाटन करायला औंधचे राजे येतात, राष्ट्रीय पुरस्कारही आहे. माझ्या मते तो त्यांचा सर्वांत शांत चित्रपट. शेवटी दुष्काळात धनगर मेंढरं घेऊन निघून जातात आणि वाडी रिकामी होते, तिथे कॅमेऱ्याला काही करावंच लागत नाही. ‘थोडासा रूमानी हो जाएँ’मध्ये नाना पाटेकरचा पाऊस पाडणारा बारिशकर धमाल आहे, पण पद्यातले संवाद तासाभराने मला जड होतात. ‘कैरी’ जी. ए. कुलकर्णींच्या कथेवरची, आणि जी. एं.च्या भक्तांशी मला भांडायचं नाही. शर्मिला टागोरांनी काम केलेला मराठी ‘समांतर’ मी अर्ध्यात सोडला. दूरदर्शनवरची ‘कच्ची धूप’ आमच्या मुलींनी पाहिली आणि त्यातल्या भाग्यश्रीसारख्या वेण्या घातल्या. ‘अनाहत’मध्ये राजाला मूल होत नाही म्हणून राणीला एका रात्रीसाठी दुसरा पुरुष निवडायला लावतात, आणि सकाळी ती परत येते तेव्हा जी बदललेली असते त्याची कुणी तजवीज केलेली नसते. हा मला फार आवडतो, पण दुपारी जेवणानंतर दाखवू नका, लोक झोपतील.

‘पहेली’वर मात्र दोन शब्द जास्त. आपले जाणकार त्याला ‘शाहरुखचा’ म्हणून बाजूला ठेवतात. मूळ कथा विजयदान देथांची ‘दुविधा’. त्यावर मणी कौल यांनी १९७३ मध्ये चित्रपट केला होता. त्या गोष्टीत नवरा लग्नाच्या रात्री काय करतो? लग्नखर्चाचा हिशेब जुळवत बसतो. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांसाठी धंद्याला निघून जातो. मागे एक भूत त्याचं रूप घेऊन येतं, आणि ते भूत नवरीला खरं सांगतं, मग विचारतं. नवऱ्याने न विचारलेली गोष्ट भूत विचारतं. मी चित्रपटगृहात तो हिशेबाचा प्रसंग बघितला आणि मोठ्याने हसले. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली. तिला काय सांगणार? तो संजय होता. ३१ वर्षांनी पुन्हा आला होता, फेटा बांधून, वही घेऊन, आणि या वेळी दिग्दर्शकाने त्याला फुलं दिली नव्हती. मूळ कथेत भुताला चामड्याच्या पखालीत कोंडतात आणि बाईला तो नवरा पत्करावा लागतो. पटकथा लिहिताना संध्या गोखले आणि पालेकरांनी शेवट बदलला, भूत परत आलं. यावर खूप टीका झाली, ‘गोड केला’ म्हणून. असेल. मला तो गोड शेवट हवा होता. त्या वर्षी भारताने ऑस्करला पाठवलेला चित्रपट हाच, तर परिचयात निदान ते तरी यायला हवं होतं.

तेव्हा माझी सूचना. चित्रपट चारच ठेवा, चहाही तेवढाच. शनिवारी संध्याकाळी ‘गोलमाल’, म्हणजे हॉल भरेल आणि सभासद नोंदणीचं टेबलही चालेल. रविवारी सकाळी दहाला ‘घरौंदा’, जेवणानंतर ‘अनकही’, मध्ये गाणी असल्याने झोप लागणार नाही. संध्याकाळी ‘ध्यासपर्व’. त्याच्यानंतर चर्चा ठेवू नका. गेल्या वेळी चर्चेत तीन वक्ते प्रत्येकी वीस मिनिटं कर्व्यांच्या कार्यावर बोलले आणि बायका बसची वेळ झाली म्हणून उठून गेल्या. ठेवायचीच असेल तर माइक पहिल्यांदा बायकांकडे द्या.

प्रदर्शनाच्या परवानग्या आणि प्रती मिळवण्याचा पत्रव्यवहार मी करते. छत्तीस वर्षं बँकेत तेच केलं आहे, स्मरणपत्रं पाठवण्यात माझा हात कुणी धरणार नाही. एखादी प्रत वेळेत मिळाली नाही तर ‘बनगरवाडी’ राखीव ठेवू. खर्च वाढला तर वाढीव रकमेत माझे पाच हजार धरा, पावती आजीव सभासद क्रमांक चोवीसच्या नावाने फाडा.

आणि परिचय नव्याने छापणार असाल तर मजकूर मला आधी दाखवा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
सभासद क्र. २४

ता. क. ‘दायरा’ची ती कॅसेट परत करायची राहून गेली. अजून माझ्या कपाटात आहे. कुणाकडे चालू व्हीसीआर असेल तर कळवा.